पाहुण्यांची खोली चालू

कूलर काढून छतातून गार हवा देणारा एसी बसवा, हा हट्ट माझाच. ज्या खोलीत माणूस असेल तेवढीच थंड होते, बाकीची वीज वाचते, हे बाबांना मीच पटवलं.

"मिनल, रिकामी खोली थंड झाली, तर कूलर परत आणीन," बाबांनी मला बजावलं.

आज दुपारी मी हॉलमध्ये असताना हवा थांबली. पॅनलवर हॉल बंद, पाहुण्यांची खोली चालू. मशीनला काय कळतं, म्हणत मी हॉल पुन्हा लावला. तो पुन्हा बंद झाला.

तेवढ्यात आई पन्ह्याचा ग्लास घेऊन माझ्यासमोरून गेली.

"आई वं, मी इकडे आहे."

ती पाहुण्यांच्या खोलीच्या दारात थांबली. "मिनल, इथं काहून बसून राहिली वं एकटी?" म्हणत तिनं ग्लास पुढे केला.

आतून एका हातानं तो घेतला.