एक शंका होती

"एक शंका होती," सर्वेश म्हणाला आणि लगेच पस्तावला. शंका त्याच्याकडे नव्हतीच. क्लासात सानिका आज पुढच्याच बाकावर बसलीय, तिच्याशी काहीतरी बोलायला हवं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"कुठली?" तिने वळून विचारलं.

भूमितीच्या पुस्तकात दिसेल त्या आकृतीवर त्याने बोट ठेवलं. सानिकाने आकृती पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं.

"हे सातवीतलं आहे रे! आधी वाचून ये. मग विचार, सांगेन मी."

सांगेन मी! दहावीतला सर्वेश त्या संध्याकाळी मिरकरवाड्यापर्यंत तरंगतच घरी गेला.

गणिताशी त्याचं पहिल्यापासून वाकडं. भर उधाणात बाबांच्या बोटीवर हसत उभा राहणारा हा पोरगा, पण गणिताचा पेपर समोर आला की त्याचे हात गार पडायचे. येत असलेलंही आठवायचं नाही. सहामाहीत नापास झाला तेव्हा आईने सुनावलं होतं, "परत असं झालं तर अकरावीबिकरावी विसर." म्हणून तर हा क्लास लावलेला.

आता रोज एक शंका लागायला लागली. तीही अशी, की सानिका हसणार नाही. पण चांगली शंका काढायची तर धडा वाचावा लागतो, उदाहरणं करून बघावी लागतात. सर्वेश घरी शंका शोधत बसू लागला. पहिल्या काही तिने चुटकीसरशी सोडवल्या. मग एकदा तीच अडली. दोघं एका वर्तुळाशी झटापट करत बसले आणि उत्तर आधी सर्वेशला सापडलं.

"मेल्या, भारी आहेस की!" ती म्हणाली.

पुढच्या चाचणीत हात गार पडलेच नाहीत. आईने पेपर उलटसुलट करून पाहिला, वर नाव मुलाचंच आहे ना म्हणून.

पूर्वपरीक्षेआधीच्या शनिवारी क्लास सुटला. पोरं पांगली. सर्वेश अजून बाकावरच होता. दोन वर्तुळं एकमेकांना चिकटून बसली होती आणि त्यांच्यामधून एक रेषा काढली तर...

"सर्वेश," सानिका दारातून म्हणाली. तिने उगाच केस नीट केले, जिन्याकडे एकदा पाहून घेतलं. "मी मांडवीला चाललेय, भेळ खायला. येतोस? आपण दोघंच."

"थांब गो जरा," मान वर न करता सर्वेश म्हणाला, "सुटत आलंय."