कमानीखालची खाच

कालव्याच्या जुन्या पुलाखाली पोचताच आत्याने भावाला आणि भाचीला नेहमीचं पुराण ऐकवलं. पूर्वी काठावरून घोडे नावा ओढायचे. त्यांचे दोर घासून घासून कमानीच्या दगडाला खाचा पडल्या. आता ना घोडे, ना नावा.

भाचीने खाचेत बोट घातलं. "आत्या, गरम लागतंय."

"उन्हाने तापली असेल," भाऊ म्हणाला.

कमानीखाली ऊन कधीच येत नव्हतं. आत्याने हात लावला. खाच गरम होती, शिवाय ओलीही.

"आत्या, वाक ना!" म्हणत भाची खाली बसली. का कोण जाणे, आत्याही वाकली.

भाऊ मात्र हसत ताठ उभा राहिला. वाऱ्याचं नाव नव्हतं. त्याची टोपी डोक्यावरून अलगद सुटली आणि ताणलेल्या दोरात अडकल्यासारखी अधांतरीच, सावकाश, खाचेकडे सरकत गेली.