सुक्या माशाचा धूर

गुनसान बंदरामागच्या आपल्या गॅरेजात ओक-जू धुराच्या रंगावरूनच गाडीचं दुखणं ओळखायची. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे इंजिनात पाणी. प्योभाऊंनी नुकत्याच घेतलेल्या जुन्या गाडीचा धूर पांढराच होता, पण त्याला माशाच्या सुपाचा वास येत होता.

"बॉनेटखाली दोऱ्यात गुंडाळलेला सुका मासा होता ना? आधीच्या मालकाने गाडीच्या राखणीला बांधलेला?" तिने प्योभाऊंना विचारलं.

"होता की! काल सकाळी दारू उतरत नव्हती, म्हणून त्याचंच सूप करून प्यायलो. फुकटचा मासा सोडतो होय!"

"अहो, तो खातात का कुणी! आणि दोरा?"

"भांड्यात तर दिसला नाही बुवा," प्योभाऊ हसले.

तिने इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली. धूर येतच राहिला, थांबून थांबून, श्वास टाकल्यासारखा.

ती सायलेन्सरपाशी उकिडवी बसली. नळीच्या तोंडातून पांढऱ्या दोऱ्याचं ओलं टोक लोंबत होतं.

"हा बघा, इथे अडकलाय," म्हणत तिने तो ओढला. वीतभर आला, मग हातभर, मग ताठ झाला.

"प्योभाऊ, जरा पक्कड द्या हो."

मागे पसरलेला हात रिकामाच राहिला. तिने वळून पाहिलं. प्योभाऊ दोन्ही हातांनी गळा धरून उभे होते, डोळे बाहेर आलेले.

घाबरून तिने दोरा सोडला.

सायलेन्सरने तो सर्रकन आत ओढून घेतला, आणि प्योभाऊ मान पुढे काढून एक पाऊल गाडीकडे फरफटले.