पुढचा शॉकअप

लेक नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याची गिअरची सायकल रामलिंगअण्णांच्या वाट्याला आली. अण्णांनी हौसेनं तिला कॅरिअर बसवलं, पण कोल्हापुरातल्या खड्ड्यांनी मागं बसणाऱ्या बायकोची, रत्नव्वाची कंबर धरली. तिनं सायकलवर बसायचंच सोडलं, आणि दोघांचं संध्याकाळी रंकाळ्यावर जाणं बंद पडलं.

अण्णांना काही चैन पडेना. जुन्या बाजारातनं त्यांनी चाक धरणारा, शॉकअपचा वापरलेला चिमटा शोधून आणला. रविवारी सकाळपासून अंगणात बसून जुना चिमटा ठोकून काढला, नव्याचा बोटभर लांब निघालेला दांडा करवतीनं कापला आणि चार वाजता काळ्या हातांनीच हाक मारली, "रत्ना, बस! गादीवर बसल्यागत वाटंल."

रंकाळ्याच्या वाटेवर अण्णांनी मुद्दाम खड्डा गाठला. पुढचं चाक लाटेवरनं गेल्यासारखं अलगद वरखाली झालं. अण्णा खदाखदा हसले. मग दुसरा खड्डा, मग तिसरा.

"कसं हाय?"

"अवो, थांबवा!" रत्नव्वा कंबर धरून ओरडली. "शॉकअप पुढं हाय, आन मी मागं हाय!"

अण्णांचा चेहरा पडला. "मागं बसवायचा मिळत न्हाय गं," ते हळूच म्हणाले.

रत्नव्वा खाली उतरली. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि पदर कमरेला खोचला.



"मग मी पुढं बसतो की!" म्हणत ती सीट आणि हँडलमधल्या नळीवर चढली, आणि लग्नाच्या एकतिसाव्या वर्षी नवराबायको एकेक खड्डा हुडकत रंकाळ्याला फेरी मारून आले.