दातावर दात

सासूबाईंचे सगळे दात गेले, म्हणून जबड्यात इम्प्लांटचे स्क्रू बसवले, त्याला सहा महिने झाले होते. कायमची बत्तिशी बनवण्याआधी डॉक्टर नमुन्याचे दात लावून दाखवत होते आणि सासूबाई ते तिसऱ्यांदा नापास करत होत्या. दर खेपेला बाळ कडेवर, दुधाची बाटली पर्समध्ये आणि सासूबाईंचा हात हातात, असं इथवर येता येता माझ्या नाकी नऊ आले होते.

"अहो आजी, मोत्यांसारखे दिसताहेत," डॉक्टर म्हणाले.

"तेच तर नकोय. हा पुढचा एक जरा तिरका करा, शेजारच्यावर चढलेला."

"लोक माझ्याकडे तिरके दात सरळ करायला येतात."

"येऊ देत की. मला होता तसा दातावर दात हवाय."

माझा धीर सुटला. "आई, या वयात कसला हा नखरा? कोण बघणार आहे तुमचे दात? हो म्हणा आणि मोकळ्या व्हा. आणखी तीन आठवडे मला नाही जमायचं."

सासूबाईंनी नमुना काढून ट्रेमध्ये ठेवला. बाळाच्या पायातून निसटलेला मोजा वर ओढत त्या बोळक्या तोंडाने हळूच म्हणाल्या,

 

"माझ्या आईला ब्याण्णव्या वर्षी कुणाचंच नाव आठवत नाही गं. मला तेवढं त्या दातावरून ओळखायची. दात गेल्यापासून अहो-जाहो करते."