दुसरा रिपोर्ट

"टीबी नाहीये मास्तरांना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि लेक खुर्चीतून अशी ताडकन उठली की मांडीवरची पर्स धाडकन खाली.

"परत एकदा बघा ना, मॅडम!"

"दोनदा बघितलं. या वेळी सिस्टरनं समोर उभं राहून बेडका घेतलाय. साधा न्यूमोनिया होता, तोही उतरलाय. ती औषधं आजपासून बंद."

तीन आठवडे मास्तर मागच्या खोलीत एकटे. जन्मभर शिवणयंत्र चालवलेला माणूस, पाय कुठले स्वस्थ बसतायत! पलंगावर बसून हवेतच पायडल मारायचे. पहिला रिपोर्ट आला आणि घरावर वीजच कोसळली. टीबी, आणि तोही इतका निगरगट्ट की नेहमीच्या गोळ्यांना भीक घालत नाही! लेकीनं ताट दाराशी ठेवायचं, मास्क लावून बोलायचं. दोन महिन्यांची नात फक्त खिडकीच्या काचेतून दाखवायची. मास्तर काचेलाच गाल लावायचे.

डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना एक्स-रे काढायला सांगितलं होतं. लेक त्याच दिवशी जाऊन आली, बाळालाही तपासून आणलं. जावई मात्र रोज म्हणायचा, "उद्या नक्की! मला काय धाड भरलीय?" पण माणूस लाखात एक. लेकीच्या दवाखान्याच्या खेपा चाललेल्या, तेव्हा बाळ दिवसदिवस त्याच्याच छातीवर झोपायचं. सिगारेटची ढास लागली की तो मान वळवून खोकायचा, बाळ उठू नये म्हणून.

त्या संध्याकाळी घरात नुसता गोंधळ. लेकीनं बाळ मास्तरांच्या मांडीवर ठेवलं. बाळानं लगेच धोतर ओलं केलं.

"वा! मापं घ्यायच्या आधीच कापड भिजवलं!" मास्तर हसताहसता रडायलाच लागले.

जावयानं बाळाला उचललं आणि कपडे बदलायला आत नेलं. आतून त्याचं गाणं, मध्येच खोकणं, परत गाणं.

लेक मात्र कागद-पेन घेऊन बसली. "त्या लॅबवाल्यांना सोडत नाही मी, बाबा. कुणाची तरी बेडक्याची बाटली तुमच्या नावावर खपवली! तक्रारच करते."

मास्तरांचं हसू विरलं. "नको गं पोरी. बिचाऱ्यांच्या पोटावर पाय देऊ नकोस."

"का नको? चूक त्यांची!"

मास्तर खाली मान घालून धोतराची ओली कड पिळत बसले. मग हळूच म्हणाले, "पहिल्या तपासणीच्या दिवशी माझा घसा कोरडा ठणठणीत. आणि तू बाहेरून दार वाजवतेयस, बाटली भरल्याशिवाय यायचं नाही म्हणून. मग मागच्या दारानं जावईबापू आले. म्हणाले, आणा इकडे, मी देतो भरून."