भांगाच्या दिवसांतला वर्ग

"आजपासून धडे क्रमानेच," गोदूबाईंनी ठणकावून सांगितलं आणि स्टँडवरच्या फोनकडे वळल्या. "मिथुन, ऐकू येतंय ना?"

"येतंय बाई," फोनमधून आवाज आला. कॅमेरा नेहमीसारखा बंद. बोईसरच्या कारखान्यात मिथुनची या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती. सकाळचा वर्ग तो खोलीवर अंथरुणात लोळूनच ऐकत असणार, असा बाईंना दाट संशय होता.

समोर ओटीवर सपना बसली होती. नवापुरातलीच पोर, मासळी सुकवता सुकवता शाळा सुटलेली. हिला, मिथुनला आणि त्यांच्यासारख्या आणखी काहीजणांना दहावी पास करायचं, हे बाईंनी निवृत्तीनंतर मनावर घेतलं होतं.

वर्गाची घडी त्यांनी स्वतः बसवली होती आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. घड्याळावर चालणारी शाळा इथल्या मुलांना टिकू देत नाही, हे त्यांनी नोकरीत पुरतं पाहिलं होतं. म्हणून त्यांनी वेळापत्रक तिथीवर लावलं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, समुद्राला जोर नसतो, बोटी किनाऱ्याला असतात. त्या दिवसांत ओटीवर वर्ग. उधाणाच्या दिवसांत सगळं फोनवर. शिफ्टवाल्यांनी धडा बसमध्ये ऐकावा, उत्तर बोलून पाठवावं. कुणी कुठलाही धडा कधीही मागावा, बाईंनी तो घ्यावा.

पण हल्ली त्यांना शंका येत होती. ही मोकळीक आहे की नुसता ढिलेपणा? मुलं पुढेच सरकत नव्हती. ज्याला त्याला पहिला धडा हवा. दुसरा कधी घेतला, ते बाईंना नीट आठवेनासं झालं होतं. परीक्षा तर तोंडावर आलेली.

त्यात कोळगावहून सुजीतचा, त्यांच्या मुलाचा, फोन आला होता.

"आई, वर्ग आवर आता. इकडे ये राहायला."

"ही बॅच पास होऊ दे. मग तू म्हणशील तिथे येते."

सुजीत एवढंच म्हणाला, "बरं."

सुजीतचं घर छान होतं, सूनही गुणाची. पण तिथे कानावर समुद्र पडत नाही, सकाळी दारातून कुणी 'बाई' म्हणून हाक मारत नाही. तिकडे जायच्या नुसत्या विचाराने गोदूबाईंना आपण आतून रिकामे होत चाललोय असं वाटे. आणि मुलं नापास झाली, तर त्यांना पास केल्याच्या समाधानाशिवायच उरलं आयुष्य त्याच रिकामपणात काढायचं होतं.

"तर दुसरा धडा," त्या म्हणाल्या.

सपनाने फोनकडे पाहिलं.

"बाई," ती हळूच म्हणाली, "पैलाच घ्या ना. चंद्राचा. मना अजून नाय समजला."

"मला पन," मिथुन घाईने म्हणाला.

बाई रागावणार होत्या. पण सपनाचे डोळे तारवटलेले होते, बिचारीने रात्रभर अभ्यास केलेला दिसत होता. आज कपडेही धुवट, इस्त्रीचे. वर्गाचा एवढा मान ठेवणाऱ्या पोरीला नाही कसं म्हणायचं? त्या उठल्या, आतून नारळ आणि लिंबू घेऊन आल्या.

"हा नारळ म्हणजे पृथ्वी. हे लिंबू म्हणजे चंद्र."

लिंबू नारळाभोवती फिरू लागलं आणि बाईंचा आवाज बदलला. माडांतून वारा येत होता, ओहोटीचं पाणी दूर कुठेतरी चमकत होतं, आणि सगळी सकाळ त्यांच्या हाताबरोबर सावकाश वळतेय असं त्यांना वाटलं. आपण हे पूर्वी केलंय का? केलंही असेल. पण आजच्यासारखं जमलं नसेल. चंद्र पाण्याला कसं ओढतो, पाणी त्याच्या मागे कसं फुगतं, हे सांगताना त्या स्वतःच हरखून गेल्या.

"मग सांग, चंद्राचा उजेड कुणाचा?"

"त्याचाच," सपना म्हणाली.

"चुकलीस!" बाईंना केवढा आनंद झाला. "अगं, सूर्याचा! उसना असतो तो."

"अय्या, हो?"

"हो तर! बघ, आता जन्मात विसरणार नाहीस." त्यांनी सपनाच्या पाठीवर थाप मारली. "तू पास होणार. मी सांगते ना, तू पास होणार."

सपनाने वाकून नमस्कार केला. एरवी ती तसा करत नसे. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि क्रमाचा नियम त्यांच्या मनातून कधीच निघून गेला होता.

"उद्या वेळेवर ये," त्या म्हणाल्या. "उद्या पहिला धडा आहे."

"हो बाई."

सपना बाहेर पडली. बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांड्यांपाशी येईपर्यंत ती मागे वळून हात हलवत राहिली. मग तिने मिथुनला फोन लावला.

"आज लय खूश होत्या रे. सुजीतदादा काय बोलला?"

"बोलला, वर्ग हाय तोवर आईला नेत नाय. तुमी चालू ठेवा."

"मग उद्याला कोन बसते?"

"अपेक्षा. कुठं चुकायचं ते सांगितलंय तिला. तू निघ आता, रिक्षा मिळायची नाय."

सपनाने डोळे पुसले आणि धावत जाऊन बोईसरची रिक्षा पकडली. दुपारी तिचा बी.ए.चा शेवटचा पेपर होता.